पोस्टातला कारकून बढती का नाकारतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सब-पोस्ट ऑफिसात सबपोस्टमास्तरच्या खुर्चीवर दर दोन-तीन महिन्यांनी नवा चेहरा का दिसतो, सुकन्या समृद्धीचे किंवा ज्येष्ठ नागरिक योजनेचे खाते उघडायला गेल्यावर 'साहेब अजून हजर झालेले नाहीत' असे का ऐकावे लागते, हे आपल्या वाचकांना पडणारे प्रश्न आहेत. मनुष्यबळ अपुरे आहे, असे उत्तर त्यावर दिले जाते. ते खरे असले तरी अर्धेच आहे. उरलेले अर्धे कारण असे की ज्यांना या खुर्चीवर बढती मिळते त्यातले अनेक कारकून ती लेखी अर्ज देऊन नाकारतात. बाहेर त्याला कामचुकारपणा म्हणतात. आम्हाला ते मुळीच मान्य नाही. संसार सांभाळणाऱ्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तर उत्तर नकाराचे यावे, असेच नियम एकात एक अडकले आहेत. ते नियम सर्वांना कळावेत म्हणून हे पत्र.

पोस्टल असिस्टंट म्हणजे काउंटरवरचा कारकून. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात तो लेव्हल ४ मध्ये, २५,५०० रुपये मूळ वेतनावर लागतो. त्याच्या वर तीन पायऱ्या आहेत. पहिली लोअर सिलेक्शन ग्रेड, खात्यात सगळे तिला एलएसजी म्हणतात. ती लेव्हल ५, सुरुवात २९,२००. मग हायर सिलेक्शन ग्रेड, म्हणजे एचएसजी. तिच्यातली एचएसजी-२, लेव्हल ६, सुरुवात ३५,४००. शेवटी एचएसजी-१, लेव्हल ७, सुरुवात ४४,९००. सबपोस्टमास्तर, असिस्टंट पोस्टमास्तर, मोठ्या हेड पोस्ट ऑफिसचा पोस्टमास्तर ही पदे या तीन पायऱ्यांत विभागलेली आहेत.

या शिडीच्या शेजारी दुसरी एक शिडी उभी आहे. पदे थोडी आणि कारकून फार, त्यामुळे एकाच वेतनश्रेणीत आयुष्य जायचे. त्यावर उपाय म्हणून ३० नोव्हेंबर १९८३ पासून टीबीओपी योजना आली: सोळा वर्षे सेवा झाली की वरची श्रेणी. १ ऑक्टोबर १९९१ पासून बीसीआर आली: सव्वीस वर्षांनी आणखी एक. १ सप्टेंबर २००८ पासून या दोन्ही बंद होऊन केंद्र सरकारची सर्वसाधारण एमएसीपी योजना लागू झाली. तिच्यात दहा, वीस आणि तीस वर्षांनी एकेक लेव्हल वर जाता येते. पद तेच, खुर्ची तीच, काम तेच, फक्त पगार वाढतो. या योजनांनी हजारो कुटुंबांना आधार दिला, त्यांच्याविरुद्ध आमची तक्रार नाही.

अडचण दोन शिड्या शेजारी ठेवल्या की दिसते. एमएसीपीने कारकून लेव्हल ४ वरून ५, मग ६, मग ७ वर जातो. खरी बढती मिळाली तरी तो ४ वरून ५, मग ६, मग ७ वरच जातो. ज्या संवर्गांत बढतीचे पद एखादी लेव्हल ओलांडून वर असते, तिथे एमएसीपी मिळालेल्या माणसालाही खऱ्या बढतीत फरकाची रक्कम मिळते. टपाल कारकुनाच्या शिडीत असा फरक कुठेच नाही. आणि एमएसीपीचा नियम सांगतो की ज्या लेव्हलचा लाभ आधीच मिळाला आहे त्याच लेव्हलच्या पदावर नंतर नियमित बढती झाली, तर वेतननिश्चिती पुन्हा होणार नाही.

आकडे घेऊन पाहू. दहा वर्षे पुरी झालेल्या कारकुनाचे मूळ वेतन ३४,३०० आहे असे धरा. पहिली एमएसीपी मिळताना त्याला लेव्हल ४ मधली एक वाढ काल्पनिक दिली जाते, म्हणजे ३५,३००. मग लेव्हल ५ मध्ये त्याच्याइतका किंवा लगेच वरचा आकडा शोधतात. तो येतो ३५,९००. मूळ वेतनात १,६०० रुपयांची वाढ झाली. त्यानंतर तीन-चार वर्षांनी त्याच माणसाला एलएसजीची ऑर्डर आली की वाढ किती? शून्य. तो लेव्हल ५ मध्येच होता, आता लेव्हल ५ च्या पदावर गेला, एवढेच.

वेतननिश्चितीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नव्या मुलांसाठी. एमएसीपी असो वा बढती, ती मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत पर्याय द्यायचा असतो: वेतन त्याच तारखेपासून ठरवायचे की पुढच्या वार्षिक वाढीच्या तारखेपासून. वरच्याच कारकुनाची वाढ १ जुलैची आणि एमएसीपी मार्चमधली असेल, तर मार्चपासून निश्चिती घेतल्यास त्याला ३५,९०० मिळतात आणि पुढची वाढ १ जानेवारीला, ३७,०००. वाढीच्या तारखेचा पर्याय दिला तर मार्च ते जून ३४,९००. १ जुलैला लेव्हल ४ मधल्या दोन वाढी धरून ३६,४००, त्यावरून लेव्हल ५ मध्ये ३७,०००. आणि १ जानेवारीला ३८,१००. चार महिने हजार रुपये कमी घ्यायचे आणि नंतर कायम एक घर पुढे राहायचे. पर्यायाचा कागद फाइलला नसला की बिल काढणारा थेट पहिल्या तारखेची निश्चिती करून मोकळा होतो, आणि महिना उलटल्यावर दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालतो. ऑर्डर हातात पडताच हा हिशेब करून घ्यावा.

आता मूळ मुद्दा. एलएसजीची बढती सेवेच्या कोणत्या वर्षी येते, त्यावर तिची किंमत ठरते. समजा ती सातव्या वर्षी आली. मग वेतनवाढ लगेच मिळते, आणि एमएसीपीचा दुसरा नियम मदतीला येतो: एकाच लेव्हलमध्ये सलग दहा वर्षे गेली की पुढची लेव्हल. म्हणजे लेव्हल ६ विसाव्याऐवजी सतराव्या वर्षी आणि लेव्हल ७ तिसाव्याऐवजी सत्ताविसाव्या वर्षी. लवकर मिळालेली बढती आयुष्यभर फायद्याची ठरते आणि ती कोणी नाकारत नाही. पण तीच ऑर्डर अकराव्या वर्षी आली की पैशाच्या दृष्टीने कोरी असते. एकविसाव्या वर्षी आली तर आणखी विचित्र प्रकार होतो. तो माणूस एमएसीपीने लेव्हल ६ चा पगार घेत असतो आणि त्याला 'बढती' मिळते लेव्हल ५ च्या पदावर. पगार कमी होत नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या पगारापेक्षा खालच्या पदासाठी गाव सोडायला सांगितले जाते.

गाव सोडायचे कारण असे की पोस्टल असिस्टंटची ज्येष्ठता डिव्हिजनपुरती, म्हणजे साधारण जिल्ह्यापुरती असते, एलएसजीची मात्र सर्कलची. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. गोंदिया-गडचिरोलीपासून पणजीपर्यंतचा प्रदेश एका यादीत बसतो. आधी आपल्या डिव्हिजनमध्ये, नाहीतर रीजनमध्ये सामावून घेण्याचा प्रयत्न काही वेळा होतो, पण तो अधिकाऱ्यांच्या समजुतीवर. हक्क म्हणून मागता येत नाही. बायकोची नोकरी, मुलांची दहावी-बारावी, आजारी आई-वडील, घराचे हप्ते एका बाजूला आणि शून्य रुपयांची वाढ दुसऱ्या बाजूला.

जबाबदारी मात्र शून्य नसते. काउंटरवरचा कारकून फिनॅकल या संगणक प्रणालीत व्यवहार भरतो, तो मंजूर करतो सबपोस्टमास्तर. खाते उघडणे, बंद करणे, मोठी रक्कम काढणे, सगळ्यावर त्याच्या लॉगिनची मोहोर. रोकड, तिकिटे आणि किल्ल्या त्याच्या ताब्यात. कुठे अफरातफर झाली की मुख्य गुन्हेगाराबरोबर 'सब्सिडियरी ऑफेंडर' शोधले जातात, म्हणजे ज्यांच्या देखरेखीत ढिलाई झाली ते. अमुक व्हाउचरवरची सही जुळवून पाहिली नाही, अमुक पासबुक मागवले नाही, असे ठेवून रूल १६, म्हणजे सौम्य शिक्षेच्या खातेनिहाय कारवाईच्या नियमाखाली चार्जशीट येते आणि पगारातून वसुली होते. वसुलीला मर्यादा आहे, मूळ वेतनाच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त हप्ता नाही आणि तीन वर्षांपेक्षा जास्त काळ नाही. पण तीन वर्षे एकतृतीयांश म्हणजे घराचे कंबरडे मोडते. दोन माणसांच्या ऑफिसात काउंटरवर रांग असताना सबपोस्टमास्तर स्वतःही काउंटरला बसतो आणि देखरेखही करतो. अशा ठिकाणी चूक राहून जाणे अटळ आहे, हे चौकशी करणाऱ्यांनाही ठाऊक असते.

मग नकार दिला तर काय होते? यातही गैरसमज फार. अर्ज दिला की तो मान्य होतोच असे नाही. कारणे पटली तर नियुक्ती अधिकारी यादीतल्या पुढच्या माणसाला बढती देतो. पटली नाहीत तर बढती लादूही शकतो आणि तरीही हजर न झाल्यास शिस्तभंगाची कारवाई करू शकतो. नकार मान्य झाला की एक वर्ष, किंवा पुढची रिकामी जागा निघेपर्यंत, यातले जे नंतरचे असेल तोवर नवी ऑर्डर मिळत नाही. मधल्या काळात जे कनिष्ठ वर गेले ते एलएसजीत कायमचे वरिष्ठ होतात. एमएसीपीचेही बघावे लागते. पहिली एमएसीपी मिळण्याआधीच बढती नाकारली तर 'संधी नव्हती म्हणून अडकला' असे म्हणता येत नाही, आणि दहा वर्षांचा लाभ अडतो. पहिली मिळाल्यानंतर नाकारली तर मिळालेला लाभ काढून घेत नाहीत, पण पुढची एमएसीपी बंदीच्या काळाइतकी लांबते, आणि पुन्हा बढतीसाठी तयार आहे असे सांगेपर्यंत तिचा विचारही होत नाही. हे सगळे नियमित बढतीला लागू आहे. अल्पमुदतीच्या रिकाम्या जागेवरची तात्पुरती नेमणूक नाकारली तर हे परिणाम होत नाहीत. आपल्या हातातला कागद नियमित बढतीचा आहे की तात्पुरत्या कामाचा, हे अर्ज करण्यापूर्वी वाचावे.

आणि नकार देणारा आणखी एक गोष्ट गमावतो, जी त्या घाईत लक्षात येत नाही. २७ मे २०१६ च्या संवर्ग पुनर्रचनेत एलएसजी आणि एचएसजीच्या जागा बऱ्याच वाढल्या, आणि एचएसजी-१ मध्ये दोन वर्षे काढलेल्यांना लेव्हल ८ ची सोय झाली. एमएसीपीची तीन पावले लेव्हल ७ वर संपतात. लेव्हल ८ चा रस्ता खऱ्या बढतीतूनच जातो, आणि तो एलएसजीच्या दारातून सुरू होतो. चाळिशीच्या आतल्या माणसाने नकार लिहिताना हे डोळ्यांसमोर ठेवावे.

खुर्ची रिकामी राहिली की तिथे डिव्हिजनमधला एखादा कारकून तात्पुरता बसवतात. बहुधा तो एमएसीपीने लेव्हल ५ किंवा ६ मध्येच असतो, त्यामुळे त्यालाही वेगळे काही मिळत नाही. दोन महिन्यांनी दुसरा येतो. याचा फटका ऑफिसातल्या इतरांना बसतो, तो असा. कारकुनाचा वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे आताचा एपीएआर, लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचे काम किमान तीन महिने पाहिलेले असले पाहिजे. सबपोस्टमास्तरच दोन महिन्यांत बदलत असेल तर लिहिणार कोण? वर्ष कोरे जाते, किंवा ज्याने काम पाहिलेच नाही तो डोळे मिटून दहापैकी पाच आकडा टाकतो. २५ जुलै २०१६ पासून एमएसीपीसाठी 'व्हेरी गुड' शेरा लागतो, म्हणजे किमान सहा गुण. पाच म्हणजे 'गुड', आणि 'गुड'वर एमएसीपी अडते. एलएसजीची बढती ज्येष्ठता आणि पात्रतेवर होते, तिथे माणूस योग्य की अयोग्य एवढेच पाहतात. खुर्चीवर बसवायला जो माणूस योग्य ठरतो, त्याचीच जागच्या जागी मिळणारी पगारवाढ एका आकड्यासाठी थांबते.

म्हणून एपीएआरच्या तारखा प्रत्येक कारकुनाने पाठ कराव्यात. स्वतःचे मूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत, अहवाल लिहिणाऱ्याचे काम ३० जूनपर्यंत, पुनर्विलोकन ३१ जुलैपर्यंत. अहवाल दाखवल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस. हे पंधरा दिवस 'साहेब नाराज होतील' म्हणून बहुतेकजण वाया घालवतात, आणि एमएसीपी नाकारल्याचे पत्र आले की जागे होतात. तोवर तो अहवाल पक्का झालेला असतो.

एमएसीपीची प्रकरणे तपासणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीचेही वेळापत्रक ठरलेले आहे. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ज्यांची दहा, वीस किंवा तीस वर्षे भरतात त्यांची प्रकरणे आदल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि ऑक्टोबर ते मार्चवाल्यांची जुलैच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची. हे पाळले तर लाभ तारखेला हातात पडतो. सर्व्हिस बुकातल्या नोंदी अर्धवट, एपीएआरच्या प्रती जुन्या ऑफिसात, दक्षता विभागाचा दाखला नाही, अशा कारणांनी बैठक पुढे जाते. आपली तारीख येण्यापूर्वी वर्षभर आधी सर्व्हिस बुक पाहून घेणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

रूल ३८ खाली स्वतःच्या विनंतीने दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बदली घेतलेल्यांचा गोंधळ तर नेहमीचा. नव्या डिव्हिजनमध्ये ते ज्येष्ठता यादीत तळाला जातात, हे खरे. पण एमएसीपीसाठी त्यांची जुनी सेवा पूर्ण धरली जाते. ज्येष्ठता गेली म्हणून दहा वर्षे नव्याने मोजायला घेणे चूक आहे. पोस्टमनमधून खात्यांतर्गत परीक्षा देऊन कारकून झालेल्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त कडू आहे. खाते त्या परीक्षेला बढती मानते आणि तीन लाभांतला एक तिथेच खर्ची घालते. परीक्षेतून मिळालेली जागा ही नवी नेमणूक आहे, असे म्हणत अनेकजण केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. प्रत्येकाला स्वतंत्र दावा लावावा लागतो, हा अन्याय आहे.

चार्जशीट प्रलंबित असेल तर डीपीसी, म्हणजे बढत्या ठरवणारी खात्याची समिती, त्या माणसाचा निर्णय बंद लिफाफ्यात ठेवते. दर सहा महिन्यांनी आढावा घ्यायचा आणि दोन वर्षांत चौकशी संपली नाही तर तात्पुरत्या बढतीचा विचार करायचा, असा नियम आहे. तो अधिकाऱ्यांना माहीत असतो, पण बहुधा कोणी विचारल्याशिवाय लिफाफा हलत नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यातल्या दोन तर सर्कल पातळीवर, दिल्लीला न विचारता, सुरू करता येतील. पहिली, डीपीसी दर वर्षी वेळेवर व्हावी. तिच्याआधी सुधारित ग्रेडेशन लिस्ट, म्हणजे ज्येष्ठतेची यादी, प्रत्येक डिव्हिजनमध्ये लावून हरकती घ्याव्यात. थेट भरती आणि परीक्षेतून आलेल्यांच्या परस्पर ज्येष्ठतेबद्दल सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०१२ मध्ये एक आणि २०१९ मध्ये वेगळी झाल्याने जुन्या याद्यांवर आता कोणाचा भरवसा उरलेला नाही. पाच-सहा वर्षे सेवा झालेल्यांपर्यंत बढती पोहोचली तर नकार आपोआप कमी होतील. एकाने नकार दिला की पुढच्याला पंधरा दिवसांत ऑर्डर निघावी. आज त्यात महिने जातात आणि तेवढ्यात त्या पुढच्याचीही दहा वर्षे भरतात.

दुसरी, ऑर्डर काढण्यापूर्वी रिकाम्या एलएसजी जागांची यादी जाहीर करून पसंती मागवावी. आधी डिव्हिजन, मग रीजन, आणि शेवटी सर्कल. पती-पत्नी दोघे नोकरीत असलेले, दिव्यांग, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेले यांना डिव्हिजनबाहेर पाठवू नये.

तिसरी दिल्लीची. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाला अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. एमएसीपीने लेव्हल मिळालेला कर्मचारी त्याच किंवा खालच्या लेव्हलच्या देखरेखीच्या पदावर प्रत्यक्ष हजर झाला, तर हजर झाल्याच्या तारखेपासून त्याला त्याच्या लेव्हलमधली एक वेतनवाढ द्यावी, एवढी एक दुरुस्ती आयोगाने सुचवावी. वरच्या उदाहरणातल्या कारकुनाला ती सुमारे बाराशे रुपये मूळ वेतन आणि त्यावरचा महागाई भत्ता एवढी पडेल. संघटनांनी आपल्या निवेदनात हा मुद्दा 'इतर मागण्या'त न ढकलता पहिल्या पानावर घ्यावा, आणि आकडेमोडीसह द्यावा. लेव्हल ४ आणि ५ चे तक्ते शेजारी ठेवले की आयोगाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपले,
टपाल खात्यातील काही आजी-माजी कर्मचारी